पायाचे कंट्रोल हलवलेली दुचाकी आरटीओत मंजूर करून घेताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका अडतो कुठे

फुटरेस्ट, गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचे पेडल मूळ जागेवरून पुढे नेणारा संच, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल्स, दोन प्रकारचे लोक बसवून घेतात. काहींना पाय लांब सोडून क्रूझरच्या ऐटीत बसायचे असते. बाकीच्यांचा गुडघा वाकत नाही, घोटा हलत नाही किंवा एक पाय कृत्रिम असतो, आणि कंपनीने दिलेल्या जागी पेडल असेल तर त्यांना गाडी चालवताच येत नाही. गॅरेजमध्ये दोघांचे काम सारखेच होते. आरटीओत मात्र दोघांची वाट पहिल्या पायरीपासूनच वेगळी आहे, आणि दोन्हींची गल्लत केल्यामुळे कितीतरी अर्ज परत येतात.

हौसेचा प्रश्न आधी संपवू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२(१) नुसार आरसीवरचे (नोंदणी प्रमाणपत्रावरचे) तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. कलम १८२-अ(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट वाचा: हँडल, सायलेन्सर आणि फुटरेस्ट हे तीन बदल मोजले जातात. ‘आधी बसवून घ्या, पासिंगचे नंतर बघू’ असे सांगणारा दुकानदार दंड भरायला येत नाही.

शारीरिक अडचण असलेल्यांसाठी कायद्याने स्वतंत्र दार ठेवले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ‘अ‍ॅडॅप्टेड व्हेईकल’, म्हणजे अनुकूलित वाहन, ही व्याख्या कलम २ मध्ये अगदी सुरुवातीलाच घातली, आणि कलम ५२(२) नुसार स्वतःच्या मालकीची गाडी अशी बदलून घेऊन नोंदणी प्राधिकाऱ्याची नंतर मंजुरी घेता येते. नंतर, हे महत्त्वाचे. ‘परवानगी नसताना बदल केलाच कसा?’ असे खिडकीवर विचारले गेले की बरेच जण गांगरून अर्ज मागे घेतात. गांगरू नका. अर्जातच कलम ५२(२) चा उल्लेख करा, म्हणजे अर्ज हौशी बदलांच्या गठ्ठ्यात जाणार नाही.

पात्रता: ४० टक्क्यांचा गैरसमज

व्याख्येत ‘कोणताही शारीरिक दोष किंवा अपंगत्व’ असे शब्द आहेत. त्यात टक्केवारी नाही. ४० टक्के ही अट सरकारी योजना, आरक्षण आणि सवलतींसाठी आहे. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर) ३० टक्के लिहिले आहे एवढ्यावरून गाडीतला बदल नाकारायला या व्याख्येत आधार नाही. तरीही ४० टक्के मागितले जातात, कारण खिडकीवर बहुतेक वेळा सवलतींचेच अर्ज येतात. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा व्याख्येची छापील प्रत पुढे करा.

व्याख्येची दुसरी अट लोक वाचतच नाहीत: गाडी फक्त त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरायची असते. गाडी वडिलांच्या नावावर आणि दिव्यांग मुलगा चालवणार, असे असेल तर आधी गाडी मुलाच्या नावावर करून घ्या. नाही तर मुलाचा अर्ज कलम ५२(२) मधल्या ‘स्वतःच्या मालकीची’ या शब्दांवर अडतो.

ज्या कागदावर सगळे अडते

बहुतेक जण यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स जोडतात आणि निश्चिंत होतात. कार्डावर अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी असते. कोणता पाय, कुठपर्यंत, हे त्यावरून कळत नाही. मोटार वाहन निरीक्षकाला नेमके तेच हवे असते, कारण तुम्ही ब्रेक हलवला की गिअर, हे त्याला त्या पायाशी ताडून बघायचे असते. म्हणून कार्डासोबत वैद्यकीय मंडळाचे मूळ प्रमाणपत्र जोडा. त्यात शरीराच्या कोणत्या भागाचे अपंगत्व आहे ते लिहिलेले असते. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरची मुदत आधी पाहा. मुदत संपलेला कागद घेऊन रांगेत उभे राहणारे दर आठवड्याला दिसतात.

दुसरा कागद नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांचा दाखला. ‘चालक म्हणून काम करण्यात अडथळा येईल असे व्यंग किंवा अवयवाचा अभाव आहे काय, असल्यास सविस्तर कारणे द्या’ अशा अर्थाचा प्रश्न त्यात आहे. घाईतले डॉक्टर तिथे नुसते ‘नाही’ लिहितात. मग अधिकारी विचारतो, व्यंग नाही तर बदल कशाला? ‘होय’ एवढेच लिहिले तर अर्थ होतो की अर्जदार गाडी चालवायला अपात्र आहे. दोन्ही उत्तरे घातक. डॉक्टरांना विनंती करून सविस्तर मजकूर लिहून घ्या: ‘उजव्या घोट्याची हालचाल नाही, मागचा ब्रेक हाताने चालवण्याची सोय असलेले अनुकूलित वाहन चालवण्यास सक्षम.’ डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का तेवढा तपासा.

नमुना १, म्हणजे स्वतःची घोषणा, यातही हाच सापळा आहे. हात किंवा पाय गमावला आहे का, त्याच्या हालचालीत किंवा ताकदीत दोष आहे का, या प्रश्नावर लोक भीतीपोटी ‘नाही’ भरतात. ते खोटे विधान ठरते आणि तुमच्याच प्रमाणपत्राशी भांडते. ‘होय’ भरा आणि तपशील द्या. कलम ८(४) च्या परंतुकानुसार अशा अर्जदाराला अनुकूलित वाहनापुरते लर्निंग लायसन्स देता येते.

थोडक्यात, प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला, गॅरेजचे बिल आणि अर्ज या चारही कागदांवर पाय एकच असला पाहिजे आणि बदलही एकच. बिलावर ‘मॉडिफिकेशन’ एवढेच लिहून देणाऱ्या मिस्त्रीला परत पाठवा. बिलात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, कोणता भाग काढला, कोणता बसवला आणि तारीख हे सगळे हवे.

बदल कोणता करावा

उजव्या पायाची अडचण असेल तर मागचा ब्रेक. तो हाताशी आणण्यासाठी डाव्या हँडलवर क्लचशेजारी दुसरा लिव्हर बसवतात. डाव्या पायाची अडचण असेल तर गिअर. घोटा हलत नसेल तर बोटांनी लिव्हर उचलता येत नाही. नुसता संच पुढे नेऊन ते जमत नाही. टाच आणि पंजा दोन्हीकडून दाबता येईल असा लिव्हर लागतो. पाय पूर्णच निकामी असेल तर गिअरच्या मोटरसायकलचा नाद सोडून स्कूटरला साइड व्हील लावणे जास्त शहाणपणाचे, आणि मंजुरीलाही सोपे.

गाडी दाखवायला नेली की निरीक्षक कागदांपेक्षा या गोष्टींवर जास्त अडतो:

गिअरचा लांब रॉड. संच पुढे गेला की रॉड लांबतो. पातळ रॉड दाबाखाली वाकतो, गिअर अर्धवट पडतो आणि न्यूट्रल सापडत नाही. रॉड जाड हवा आणि दोन्ही टोकांना सैल न झालेले बॉल जॉइंट हवेत. एका टोकाचे आटे उजवे आणि दुसऱ्याचे डावे असले की रॉड न काढता लांबी जुळवता येते. गिअर शाफ्टवरचा आर्म रॉडशी साधारण काटकोनात असावा. जागा मिळत नाही म्हणून आर्म उलटा बसवला तर गिअरचा क्रमही उलटतो, आणि चाचणीत पहिलाच गिअर चुकतो.

ब्रेक लाइट. पेडल हलले की मागच्या ब्रेकच्या स्विचची स्प्रिंग तोकडी पडते. मग दिवा लागतच नाही किंवा सतत जळत राहतो. तपासायला अर्धे मिनिट लागते, तरी गाड्या तशाच येतात.

सीबीएस. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या दुचाकींना एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी जोडणी) असते. १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो. पेडल हलवताना किंवा हाताशी आणताना मिस्त्री ती जोडणी काढून टाकतो. हे चालत नाही. जोडणी तशीच राखून बदल करता येत नसेल, तर त्या गाडीवर तो बदल करू नका.

मागे बसणाऱ्याचे फुटरेस्ट. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार फुटरेस्ट, पकडायला हँड ग्रिप आणि मागच्या चाकाचे निदान अर्धे आच्छादन लागते. चालकाचे ब्रॅकेट नव्याने बसवताना मागचे फुटरेस्ट काढून फेकले असतील तर ते परत बसवा.

आणि चेसिसवर वेल्डिंग नको. मूळ बोल्टच्या जागीच बसणारे ब्रॅकेट घ्या. फ्रेमला वेल्डिंगचा डाग दिसला की तपासणी तिथेच संपते, आणि या बाबतीत निरीक्षकाचे बरोबर असते.

अर्ज आणि १४ दिवस

परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडीतील बदलाची सेवा निवडायची, शुल्क भरायचे, अपॉइंटमेंट घ्यायची आणि गाडी दाखवायची. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, वर सांगितलेले वैद्यकीय कागद, बिल आणि बदलाआधीचे व नंतरचे फोटो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट, नसेल किंवा ई-चलने थकलेली असतील तर ते आधी निस्तरा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बंद असेल तर ओटीपीवरच अर्ज थांबतो.

केलेला बदल कार्यालयाला कळवण्याची कलम ५२(३) मधली मुदत १४ दिवसांची आहे, आणि ती बदल केल्यापासून मोजायची, अपॉइंटमेंटच्या तारखेपासून नाही. म्हणून आधी वैद्यकीय कागद गोळा करा आणि मग गाडी गॅरेजला द्या. उलटा क्रम करणाऱ्यांची मुदत डॉक्टरांच्या दारातच संपते.

कळवायचे कुठे? तुम्ही राहता त्या हद्दीतल्या कार्यालयात. गाडीचा नंबर एमएच-२० असला आणि तुम्ही पुण्यात राहत असलात तर पुण्यात. मूळ कार्यालयाला नोंद कळवणे हे त्या कार्यालयाचे काम आहे, तुमचे नाही. पण आरसीवर जुनाच पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागतो.

कर्जावरच्या गाडीला वित्तपुरवठादाराचे लेखी संमतिपत्र लागते. बँकेच्या शाखेत ‘एनओसी द्या’ म्हटले की समोरचा कर्ज फिटल्याचा नमुना ३५ काढतो. तो बोजा उतरवण्यासाठी असतो. तुम्हाला ‘गाडीत अमुक बदल करण्यास हरकत नाही’ असे पत्र हवे, म्हणून मसुदा स्वतःच लिहून न्या. कर्ज केव्हाच फिटले पण आरसीवर बँकेचे नाव तसेच, अशी परिस्थिती असेल तर मात्र नमुना ३५ वापरून आधी बोजा उतरवा.

नवी गाडी घेणाऱ्यांनी एक करावे. नमुना २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज, यात २०२० पासून मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ हा पर्याय आहे आणि त्याखाली जीएसटी सवलतीसह व सवलतीशिवाय अशा दोन ओळी आहेत. ती सवलत मोटारींसाठी होती. दुचाकीला दुसरी ओळ भरा. डीलर सवयीने नुसते ‘वैयक्तिक’ भरून मोकळा होतो.

लायसन्स

‘लायसन्स आहे की माझ्याकडे’ हे वाक्य अपघातानंतर पाय गमावलेल्यांकडून हमखास ऐकू येते. गिअरच्या मोटरसायकलचे जुने लायसन्स अनुकूलित वाहनाला चालत नाही. तो वर्ग वेगळा आहे आणि तो जोडून घ्यावा लागतो. त्यासाठी पुन्हा लर्निंग लायसन्स. ते सहा महिने चालते आणि ३० दिवस झाल्यावरच चाचणी देता येते. चाचणी अर्जातल्या प्रकारच्या गाडीवरच घेतली जाते, त्यामुळे भावाची साधी गाडी नेऊन उपयोग नाही. क्रम असा ठेवा: आधी गाडीचा बदल आरसीवर चढवा, मग लर्निंग, मग त्याच गाडीवर चाचणी. गाडी नावावर असायला लायसन्स लागत नाही. तसे कोणी सांगितले तर नियम दाखवायला सांगा.

नकार आला तर

तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नका. कारणासह लेखी आदेश मागा. बदल नाकारल्यास कलम ५७ खाली आणि लायसन्स नाकारल्यास कलम १७ खाली अपील करता येते. दोन्हींची मुदत ३० दिवस, आणि ती आदेश हातात पडल्यापासून मोजतात. आदेशच नसेल तर अपील कशावर करणार? एजंटला पैसे देऊन तोच अर्ज पुन्हा भरणे हा उपाय नव्हे. ज्या कागदावर पाय चुकला आहे तो कागद दुरुस्त केल्याशिवाय दुसऱ्यांदाही तेच होते.

मंजुरी मिळाल्यावर नवी आरसी खिडकीवरच वाचा. वाहनवर्ग बदललेला दिसला पाहिजे. नोंद झाली की विमा कंपनीला प्रत पाठवा. इंडियन मोटर टॅरिफमध्ये दिव्यांगांसाठी बदललेल्या गाड्यांना सवलतीचे आयएमटी-१२ हे एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीवरची पुरवणी नोंद, आहे, आणि ते आरसीवरच्या नोंदीशिवाय लागत नाही. कंपनीकडून पॉलिसीवर लेखी एंडोर्समेंट हातात आल्यावरच गाडी रस्त्यावर काढा.