सी-१ की सी-२बी? मुंबईच्या जुन्या बिल्डिंगींच्या भांडणामागची पार्श्वभूमी

गिरगाव, लालबाग, डोंगरीकडे जुन्या बिल्डिंगीत आज भांडण असतं ते सी-१ आणि सी-२बी या, बिल्डिंग किती धोकादायक ते सांगणाऱ्या दोन शिक्क्यांवरून. मूळ मात्र १९४७ च्या भाडे कायद्यात आहे, भाडं १९४० च्या पातळीवर गोठलं, मालकाला त्यात चुनासुद्धा परवडेना, त्याने हात वर केले. १९६९ ला सेस, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर, लावून दुरुस्तीचं काम सरकारी मंडळाकडे गेलं, साधारण १९ हजार बिल्डिंगी त्यात आल्या. पुढची वीसेक वर्षं म्हणजे टेकू, थोडी डागडुजी, परत टेकू. १९९१ च्या नियमावलीत पुनर्विकासाला जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळाला, १९९९ ला तो आणखी वाढला, आणि तिथून गणितच फिरलं, कारण दुरुस्ती केली की मालकाच्या हातात तेच जुनं भाडं, पाडली की विकायला नवे फ्लॅट.

आता शिक्क्यांबद्दल. २०१४ ला हायकोर्टाने पालिकेला मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. होतं काय, मालकाच्या ऑडिटरला, म्हणजे बिल्डिंगची मजबुती तपासणाऱ्या इंजिनियरला, बिल्डिंग सी-१ दिसते आणि भाडेकरूंच्या ऑडिटरला तीच सी-२बी, मग प्रकरण पालिकेच्या तांत्रिक समितीकडे जातं. त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, कोअर टेस्ट या सगळ्या काँक्रीटच्या चाचण्या, आणि आपल्या कितीतरी जुन्या चाळी सागवानी खांब-तुळयांवर उभ्या आहेत! कुजलेली तुळई बदलता येते, जुने सुतार ते करायचेच, पण रिपोर्टात त्याला जागा कुठे असते?

सी-१ लागला म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही, पाडायच्या आधी प्रत्येकाच्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून नोंदवायचं असतं, हे खूप जणांना माहीतच नसतं. भीती असते ती संक्रमण शिबिराची, म्हणजे नवी बिल्डिंग होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांची, तिथे गेलेल्यांच्या पिढ्या तिथेच वाढल्यात. पण म्हणून थांबून राहणंही जिवावर बेततं, २०१७ ला भेंडीबाजारात बिल्डिंग कोसळून तीसहून जास्त माणसं गेली.

त्यानंतर म्हाडा कायद्यात ७९-अ कलम आलं, धोकादायक बिल्डिंगीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला मालकाला सहा महिने, नाहीतर भाडेकरूंना सहा महिने, नाहीतर मंडळ जागा ताब्यात घेणार. त्याखाली ९३५ नोटिसा निघाल्या आणि २०२५ च्या जुलैमध्ये हायकोर्टाने त्यांना स्थगिती दिली, कारण बिल्डिंग धोकादायक ठरवायचा अधिकार नोटिसा काढणाऱ्या इंजिनियरांना नव्हताच.