बुळबुळीत थरातले कामकरी

सांडपाणी शुद्धीकरणाच्या एमबीबीआर (मूव्हिंग बेड बायोफिल्म रिॲक्टर) टाकीत प्लॅस्टिकची लाखो छोटी चाकं सतत घुसळत असतात. तिथली मंडळी त्यांना नुसतं 'मीडिया' म्हणतात. त्यातलं एक हातात घेऊन पाहा. नखाएवढं नळकांडं, आत अधिकच्या चिन्हासारखी फुली. बाहेरची बाजू एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेली, पण आतल्या कोपऱ्यांत तपकिरी, बुळबुळीत थर. बोट लावायलाही नको वाटेल असा हा थर म्हणजेच बायोफिल्म. पाणी शुद्ध करण्याचं खरं काम तोच करतो.

पाण्यात बुडालेल्या जवळजवळ कुठल्याही पृष्ठभागावर जीवाणू येऊन टेकतात. त्यातले काही शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकटा स्वतःभोवती सोडतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. त्या चिकट्यात आणखी जीवाणू अडकतात, वाढतात. पुढे त्यांना खाणारे एकपेशीय प्राणीही येतात. वरून वाहणाऱ्या पाण्यातले सेंद्रिय पदार्थ थरात झिरपत राहतात आणि जीवाणू त्यांवर जगतात. त्यातल्या काही भागाचा ते कार्बन डायऑक्साइड करतात, उरलेल्यातून स्वतःची वाढ.

पण हे काम मोकळे तरंगणारे जीवाणूही करू शकतात. मग चिकटून बसण्याचा फायदा काय? मला विचाराल तर फायदा एकच, पण फार मोठा: वेळ. टाकीत पाणी थांबतं काही तासच. अमोनियावर जगणारे नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू मात्र फार सावकाश वाढतात. थंड पाण्यात त्यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येक दिवस जातात. तरंगत राहिले तर वाढायच्या आधीच ते पाण्याबरोबर वाहून जाणार. 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेल्या 'ॲक्टिव्हेटेड स्लज' पद्धतीत यावर तोड आहे. त्यात जीवाणूंचा गाळ खाली बसू देतात आणि पुन्हा टाकीत सोडतात. बायोफिल्ममध्ये ही परतफेरी लागत नाही. पाणी निघून जातं, कामकरी जागेवरच राहतात.

त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडमध्ये दगडांच्या थरावर फिरत्या नळ्यांनी सांडपाणी शिंपडायला सुरुवात झाली होती. दगडांमधल्या फटी इतक्या मोठ्या, की त्यांत काही गाळलं जाणं शक्यच नाही. घाण कमी होते ती दगडांवर चढलेल्या थरामुळे. फटींतून हवा आपोआप खेळते, म्हणून हवा फुंकणारा ब्लोअरही लागत नाही. ही जुनी रचना अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे, आणि ती टाकाऊ मानणं मला पटत नाही.

थर जाड तितकं काम जास्त, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ऑक्सिजन वरच्या साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो, कारण वरचे जीवाणू तो वाटेतच संपवतात. त्या पातळ पट्ट्यात अमोनियाचं नायट्रेट होतं. खाली ऑक्सिजन नसलेल्या भागात दुसरे जीवाणू त्या नायट्रेटवर श्वसन करतात आणि त्यातला नायट्रोजन वायुरूपात हवेत सोडून देतात. केसभर अंतरावर एकमेकांच्या अगदी उलट परिस्थितीत चालणारी ही दोन कामं पाहिली, की या थराबद्दल आदरच वाटतो. पण तो फार जाड झाला तर तळाचे जीवाणू उपाशी राहतात, पकड सुटते आणि थराची खपली निघून पाण्यात जाते. म्हणून पुढे गाळ बसवायची टाकी हवीच.

1980च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत हॅल्वार्ड ओडेगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमबीबीआर विकसित केलं, तेव्हा जाडीचा हा प्रश्नही बराचसा सुटला. मीडियाची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी, पाण्याची 1 धरली तर साधारण 0.95. त्यामुळे हवेच्या बुडबुड्यांनी तो सहज घुसळतो आणि जादा थर आपसूक खरवडला जातो. सुरुवातीच्या प्रचलित मीडियाच्या एका घनमीटरमध्ये जीवाणूंना बसायला सुमारे 500 चौरस मीटर आतली, सुरक्षित जागा मिळते. टाकी मात्र दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरत नाहीत, नाहीतर मीडिया हलायचा थांबतो.

सावकाश वाढणाऱ्यांची खरी परीक्षा ॲनामॉक्स जीवाणूंची. नेहमीच्या मार्गाने अमोनियातल्या 1 ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे 4.6 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि तेवढी हवा पुरवायची म्हणजे विजेचं बिल आलंच. ॲनामॉक्स जीवाणू अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होताना मधल्या टप्प्यावर बनणारं संयुग) यांच्यापासून ऑक्सिजनशिवाय थेट नायट्रोजन वायू बनवतात. पण त्यांची संख्या दुप्पट व्हायला साधारण दीड-दोन आठवडे लागतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला त्यांचा पहिला पूर्ण आकाराचा संच 2002 मध्ये सुरू केला, आणि तो पूर्ण क्षमतेने चालायला सुमारे साडेतीन वर्षं गेली. त्यात जीवाणू एकमेकांनाच चिकटून लालसर कण बनवतात. मीडियाशिवायची बायोफिल्मच ती. आता नवा संच उभारताना चालू संचातले असे कण आणून टाकतात, त्यामुळे इतकी वर्षं थांबावं लागत नाही.