खासदारांनी प्रश्न ‘मांडला’ की ‘विचारला’?

अधिवेशन सुरू झालं की आमच्या गावच्या ग्रुपवर दीड-दोन मिनिटांचे व्हिडिओ यायला लागतात. साहेब उभे आहेत, हातात कागद, आणि खाली ठळक अक्षरात ‘साहेबांनी संसदेत कांद्याचा प्रश्न विचारला’. लोक अंगठे देतात, फुलं टाकतात, आणि आठवड्याभराने कोणीतरी हमखास विचारतं की मग सरकारने उत्तर काय दिलं? बहुतेक वेळा उत्तर आलेलंच नसतं, कारण साहेबांनी प्रश्न विचारलेला नसतो, मांडलेला असतो. मराठीत अडचणीलाही प्रश्न म्हणतात आणि विचारण्यालाही प्रश्नच म्हणतात, त्यामुळे आपला घोळ होतो, पण संसदेत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावाकडच्या माणसाला तर हा फरक माहीत असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

व्हिडिओत दिसतं ते बहुतेक शून्य प्रहरातलं असतं. लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास, तो संपला की शून्य प्रहर. नियमांच्या पुस्तकात हा शब्दच नाही, १९६० च्या दशकापासून रूढ झालेली ही प्रथा आहे. खासदार नोटीस देतो, नावं चिठ्ठीने निघतात, आपला नंबर लागला की दोन-तीन मिनिटांत बोलून बसायचं. मंत्री समोर असेल आणि त्याला वाटलं तर तो उत्तर देईल, नाही दिलं तरी त्याच्यावर बंधन काही नाही. (राज्यसभेत २०१४ पासून क्रम उलटा आहे, शून्य प्रहर ११ ला आणि प्रश्नोत्तरं १२ ला, म्हणून व्हिडिओतलं नुसतं घड्याळ बघून ठरवू नका.)

म्हणजे शून्य प्रहर फुकट आहे का? अजिबात नाही. काल रात्री गारपीट झाली, द्राक्षाचे मांडव आडवे झाले, तर आज दिल्लीत ते सांगायला यापेक्षा सोपी जागा नाही, कारण रीतसर प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. गारपीट काय नोटीस देऊन येते का. नियम ३७७ म्हणून अजून एक प्रकार आहे, त्यात मुद्दा लेखी द्यायचा, जास्तीत जास्त २५० शब्द, आणि मंत्रालय नंतर खासदाराला पत्राने उत्तर कळवतं. पण तेही मांडणंच झालं.

आता विचारणं. त्याचे मुख्य प्रकार दोन, तारांकित आणि अतारांकित. तारांकितला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर लगेच पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत असतात, पण वेळ एकच तास, त्यामुळे पाच-सहा झाले तरी खूप, बाकीच्यांची उत्तरं लेखीच मिळतात. अतारांकित दिवसाला २३०, त्यांचं उत्तर फक्त लेखी, सभागृहात कोणी उठत नाही, बोलत नाही, म्हणून त्याचा व्हिडिओ कधीच निघत नाही. आणि गंमत नाही, खरं सांगतो, गावाच्या सगळ्यात कामाचा प्रकार हाच आहे. लेखी उत्तर म्हणजे सरकारने सभागृहाच्या पटलावर ठेवलेला कागद, त्यात चुकीची माहिती गेली तर मंत्र्याला ती रीतसर दुरुस्त करावी लागते.

नगर-बीड-परळी रेल्वेचंच बघा ना, २६१ किलोमीटरचा मार्ग, १९९५ च्या सुमारास मंजूर, निम्मा खर्च राज्याने करायचा असं ठरलेलं, आणि बीडला गाडी यायला २०२५ उजाडलं. मधल्या तीस वर्षांत ‘बीडची रेल्वे कधी येणार’ हे किती भाषणांत आलं असेल, ऐकून बरं वाटतं, हातात काही पडत नाही. तेच प्रश्न म्हणून विचारताना असं लिहावं लागतं: (क) आतापर्यंत किती खर्च झाला, वर्षवार सांगा, (ख) राज्याच्या वाट्याचे किती पैसे आले आणि किती बाकी, (ग) किती हेक्टर जमीन लागणार होती आणि किती ताब्यात आली. यातल्या ‘ख’चं उत्तर एकदा लेखी आलं की मुंबई दिल्लीकडे बोट दाखवते आणि दिल्ली मुंबईकडे, हा खेळ चालत नाही, आकडाच समोर असतो.

पाण्याबद्दल विचारलं तर फार जपून विचारावं लागतं. पाणी राज्याचा विषय आहे, प्रकल्पांचं नियोजन आणि खर्च राज्यंच करतात, हे एक ठरलेलं वाक्य दिल्लीहून येतं आणि प्रश्न तिथेच बसतो. म्हणून जाणकार खासदार केंद्राचा पैसा जिथे आहे तिथे बोट ठेवतो. २०१६-१७ मध्ये केंद्राने देशातले ९९ रखडलेले सिंचन प्रकल्प प्राधान्याने पूर्ण करायला घेतले, त्यात २६ आपल्या महाराष्ट्रातले होते. त्यातल्या आपल्या प्रकल्पाला किती निधी सुटला असं विचारलं की राज्याचा विषय म्हणून टाळता येत नाही.

अजून एक उत्तर ओळखायला शिका, ‘माहिती गोळा केली जात आहे, ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’. लोक म्हणतात टाळलं. पण संसदेत हे आश्वासन धरलं जातं, साधारण तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यावर नजर ठेवायला वेगळी समितीच आहे. शून्य प्रहरातल्या भाषणामागे असं कोणी फिरत नाही.

आमचा माणूस खेड्यातला, त्याला दिल्लीची भाषा येत नाही, हे कारण मला पटत नाही. क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ ला साताऱ्याकडून निवडून गेले आणि लोकसभेत मराठीत बोलले, आज तर मराठीतल्या भाषणाचा तिथल्या तिथे अनुवाद होतो. प्रश्नाची ताकद बघायची तर त्याच १९५७ मधलं प्रकरण घ्या, एलआयसीचे पैसे उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत कसे गेले हे लोकसभेत विचारलं गेलं, रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी त्याच्या मागे लागले, चौकशी बसली आणि १९५८ ला अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

हां, आणि तुमचे खासदार मंत्री झाले असतील तर त्यांच्या नावावर शून्य प्रश्न दिसतील, त्यावरून त्यांना नावं ठेवू नका, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात.

हल्ली ग्रुपवर व्हिडिओ आला की मी एवढंच विचारतो, प्रश्न क्रमांक काय आणि तारीख काय. क्रमांक असेल तर लोकसभेच्या साइटवर उत्तराची पीडीएफ मिळते. मागच्या अधिवेशनातलं असंच एक उत्तर प्रिंट काढून पारावर वाचलं, तर एका काकांनी चष्मा वर करून विचारलं, यात जमिनीचा आकडा सगळ्या जिल्ह्याचा एकच कसा काय, तालुक्याप्रमाणे का नाही? तो प्रश्न तिथेच वहीच्या पानावर लिहिला, क, ख, ग करून, आणि साहेबांच्या ऑफिसात देऊन आलोय.