पाण्याखालचे मालवाहू ग्लायडर: 'इंधनाशिवाय' म्हणजे नेमकं काय?

प्रोपेलरऐवजी बुडत-वर येत पंखांच्या जोरावर पुढे सरकणारी यंत्रं, म्हणजे ग्लायडर, पाण्याखालून 'इंधनाशिवाय' माल नेतील असं म्हटलं जातं. पाण्याखालून माल न्यायची कल्पना जुनी आहे, १९१६ मध्येच एक जर्मन व्यापारी पाणबुडी रंगद्रव्यं घेऊन बाल्टिमोरला पोचली होती, पण ती डिझेलवाली. बिनप्रोपेलरची खरी गोष्ट १९८९ ची. एका समुद्रशास्त्रज्ञाने लेख लिहिला, भविष्यात शेकडो ग्लायडर समुद्रात फिरतायत अशी कल्पना करून, आणि १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या एका झऱ्यात पहिलं यंत्र बुडवून पाहिलंसुद्धा गेलं.

आत तेल, बाहेर एक रबरी पिशवी. तेल आत घेतलं की आकारमान कमी होतं, यंत्र बुडतं. तेल पिशवीत ढकललं की वजन तेवढंच राहून आकारमान वाढतं आणि ते वर येतं. बॅटरीचा गठ्ठा पुढे सरकवला की नाक खाली झुकतं, आणि पंखांमुळे खाली-वर जाताजाताच यंत्र पुढेही सरकतं.

आता 'इंधनाशिवाय' हा शब्द. माझ्या मते सगळा घोळ यानेच घातलाय. खाली जाणं जवळपास फुकट, पण वर यायला पिशवी फुगवावी लागते, आणि १००० मीटरवर हवेच्या दाबाच्या साधारण १०० पट दाब असतो, म्हणजे एक लिटर तेल बाहेर ढकलायला कमीत कमी १० किलोज्यूल जातात, पंपात वाया जाणारी ऊर्जा वेगळीच. ती ऊर्जा बॅटरीतूनच येते! फुकटच्या सर्वात जवळ जातो तो थर्मल ग्लायडर, त्यातलं मेण वरच्या कोमट पाण्यात वितळून फुगतं, खालच्या थंडीत आकसतं आणि पंपाचं काम समुद्रच करतो. तरी सुकाणू आणि संपर्काला बॅटरी लागतेच, आणि वरचं-खालचं पाणी सारखंच थंड असेल तिथे ही युक्ती चालत नाही.

२००९ मध्ये 'स्कार्लेट नाइट' हा बॅटरीवरचा ग्लायडर न्यू जर्सीहून निघून २२१ दिवसांनी, सुमारे ७४०० किलोमीटर कापून स्पेनला पोचला, आणि मोठे मालवाहू ग्लायडर का नकोत हा प्रश्न मला तिथूनच रास्त वाटायला लागला. पण तो फक्त सेन्सर नेत होता. माल चढला-उतरला की वजन बदलतं, मग तेवढं पाणी भरून-काढून तोल सावरायचा, आणि वेग वाढवायचा तर लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाने वाढते. म्हणून अलीकडच्या नॉर्वेतल्या प्रस्तावात घाई नसलेला माल धरलाय, समुद्रतळाखाली साठवायचा द्रव कार्बन डायऑक्साइड. तिथेही पंप बॅटरीवरच आहे.