आभारपत्र, हस्तलिखित (गोव्यातील मराठी प्रथा)

आभारपत्र : मदत, भेटवस्तू, पाहुणचार किंवा अडचणीच्या वेळची सोबत यांबद्दल ऋण व्यक्त करण्यासाठी स्वतःच्या हाताने लिहून पाठवलेले पत्र किंवा चिठ्ठी. लग्नानंतर एकेका आहेराची पोच म्हणून अशी चिठ्ठी धाडण्याचा दंडक युरोप-अमेरिकेतला. गोव्यातल्या मराठी लिहिणाऱ्या घरांत तो कधी रुजला नाही. इथे आहेराची नोंद वहीत होते आणि परतफेड पुढच्या लग्नात.

शेजारधर्माची पोच तर भांड्यातूनच जाते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नेवऱ्या-लाडवांचा डबा शेजारच्या ख्रिस्ती घरी पोचतो, नाताळात तिकडून दोदोल, दोस, कुलकुलांचे कुसवार (नाताळचा फराळ) येते. डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. या देवाणघेवाणीत कोणी ‘मी आपला आभारी आहे’ असे लिहून पाठवले, तर समोरच्याला आपण परके झालो की काय असे वाटेल. म्हणून आभारपत्र जाते ते या वर्तुळाबाहेर: शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना, वॉर्डातल्या सिस्टरांना, निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना, वेळेवर रक्त देणाऱ्या अनोळखी माणसाला, जत्रेतल्या नाटकाला देणगी देणाऱ्याला. नाहीतर मग मुंबईला किंवा आखातात असलेल्या नातेवाइकांना, ज्यांच्यापर्यंत डबा पोचत नाही.

बोलून मानलेल्या आणि लिहून मानलेल्या आभारांची भाषा इथे बऱ्याचदा वेगळी असते. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के, तर मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के होते. पण मराठी वाचणारे-लिहिणारे या आकड्यापेक्षा बरेच अधिक. वर्तमानपत्र, नाटक, भजन आणि लग्नपत्रिका यांच्या वाटेने मराठी अनेक कोकणी बोलणाऱ्या घरांत आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही मुभा ठेवली. खासगी पत्र मात्र कायद्यावर चालत नाही, ते चालते शाळेत लागलेल्या सवयीवर. त्यामुळे दारात ‘देव बरें करूं’ असे कोकणीत आभार मानणारा माणूस कागदावर ‘स. न. वि. वि.’ लिहितो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

जुन्या वळणाच्या पत्रात माथ्यावर ‘॥ श्री ॥’ किंवा कुलदैवताचे नाव असते. ‘श्री मंगेश प्रसन्न’, ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’, ‘श्री दामोदर प्रसन्न’ यांवरून पत्र कुठल्या घरातले, हे जाणकाराला सही बघण्याआधीच उमगते. उजवीकडे गाव आणि तारीख. वडीलधाऱ्यांना ‘ती.’ आणि शिरसाष्टांग नमस्कार, मानाच्या माणसाला साष्टांग, बरोबरीच्याला सप्रेम, धाकट्यांना ‘चि.’ आणि अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’. विसरलेले ‘ता. क.’ मध्ये, आणि अनेकदा पत्रातला सगळ्यात जिव्हाळ्याचा मजकूर तिथेच सापडतो.

हा मायना आभारपत्रात एका ठिकाणी अडतो. मोठ्याने धाकट्याचे आभार मानायचे कसे? पुतण्याने आठवडाभर रुग्णालयात रात्री जागून काढल्या, तरी काकांच्या लेखणीतून ‘तुझे आभार’ उतरत नाही. ते लिहितात, ‘तू होतास म्हणून निभावले. देव तुला सुखी ठेवो.’ आभार हा शब्द टाळून मानलेले आभारच मराठी पत्रात अधिक खरे वाटतात. उलट ‘आपल्या ऋणातच राहणे पसंत करू’ हे वाक्य इतके झिजले आहे की ते वाचताना सभागृहातल्या खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो. आभारप्रदर्शन सुरू झाले की श्रोते चपला शोधू लागतात, ते उगाच नव्हे.

चांगल्या पत्रात निदान एक तपशील असा असावा जो दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. चवथीला गणपतीवर फळाफुलांनी सजवलेले छत बांधतात ती माटोळी; तिला टांगायच्या कांगलां या रानफळांबद्दलचे हे पत्र पाहा: ‘मावशी, माटोळीला तुम्ही रानातून आणून दिलेली कांगलां मधोमध बांधली; जो आला तो त्यांचीच चौकशी करून गेला.’ एवढ्या दोन ओळी पुरेत.

मृत्यूनंतरचे आभार हा वेगळा प्रकार. दिवसकार्य आटोपल्यावर मराठी दैनिकांत ‘ऋणनिर्देश’ छापून येतो आणि त्यात डॉक्टर, शेजारी, सहकारी असे सगळे एकत्र गोवले जातात. पणजीहून ‘गोमन्तक’ १९६२ मध्ये सुरू झाला. अशा निवेदनांना घरोघर पोचणारी जागा मिळाली ती मराठी दैनिकांमुळे. छापील ऋणनिर्देशात कोणाचे नाव राहिले तर रुसवे होतात, म्हणून जवळच्या चार-पाच जणांना हाताने लिहिणे शहाणपणाचे. इथल्या इंग्रजी दैनिकांत संत अंतोनी, संत ज्यूड किंवा पवित्र आत्म्याचे नवस फळल्याबद्दल छापील आभार मानलेले दिसतात. हिंदू घरांत देवाला पत्र नसते, आंगवण (नवस) फेडली जाते.

मानसशास्त्रातही या विषयावर काम झाले आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ मधील प्रयोगांत कृतज्ञतेचे पत्र लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टींचा चुकीचा अंदाज केला: मिळणाऱ्याला वाटणारा सुखद आश्चर्याचा भाव त्यांनी कमी धरला आणि त्याला होणारा संकोच जास्त. मार्टिन सेलिगमन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना असे पत्र लिहून स्वतः नेऊन द्यायला सांगितले. लिहिणाऱ्यांचा आनंद वाढला, पण परिणाम सुमारे महिनाभरच टिकला. पहिल्या अभ्यासातली पत्रे ईमेलने गेली होती, तेव्हा हस्ताक्षराची महती सिद्ध करायला तो पुढे करणे बरोबर नाही. हाताने लिहिण्याचा लाभ साधा आहे: असे पत्र कपाटात उरते आणि अक्षरावरून माणूस ओळखू येतो.

उरते, पण गोव्याच्या हवेत सहज नाही. जून ते सप्टेंबर कागद मऊ पडतो, शाईच्या पेनाची अक्षरे फुटतात, पाकिटाचा डिंक आपोआप चिकटून बसतो आणि जपून ठेवलेल्या पत्रांना कसर लागते. चवथीचे आभार नेमके याच दिवसांत लिहायचे असल्याने बॉलपेन बरे. पाकीट नवे घेण्यापेक्षा आंतर्देशीय पत्र किंवा पोस्टकार्ड सोयीचे, मात्र पोस्टकार्ड टपाल्यासह सगळे वाचतात हे धरूनच लिहावे. पत्त्यात घरक्रमांकाबरोबर वाड्याचे नाव घालावे, कारण खेड्यात पत्र शोधले जाते ते वाड्यावरून. त्याखाली गाव, मग तालुका आणि गोवा जोडून, उदाहरणार्थ ‘बार्देश-गोवा’, आणि ४०३ ने सुरू होणारा पिनकोड.