काकडीने चालणारा टचपॅड

बॉलपेनच्या प्लास्टिकच्या टोपणाने लॅपटॉपचा टचपॅड कितीही घासा, कर्सर जागचा हलत नाही. तेच काकडीचा बोटभर तुकडा पुसून, हातात धरून फिरवा, तो निमूटपणे मागे येतो. लहान मुलांना हा प्रयोग भलताच आवडतो. मोठ्यांचा जीव मात्र लॅपटॉपसाठी वरखाली होतो, म्हणून काकडी नीट कोरडी करून घ्यावी.

टचपॅडला स्पर्श कळत नाही, दाबही कळत नाही. त्याला कळतं ते विजेच्या क्षेत्रातलं बारीकसं फेरबदल. वरच्या गुळगुळीत थराखाली तांब्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते आणि दोन पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे एक इवलासा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारी जागा, तयार होतो. आतली चिप दर सेकंदाला अनेकदा या जाळीत विजेचे स्पंद सोडून प्रत्येक छेदाची धारिता, म्हणजे भार साठवायची क्षमता, मोजत बसते. पाण्याने आणि क्षारांनी भरलेलं आपलं बोट जवळ आलं की क्षेत्राचा थोडा हिस्सा बोटाकडे वळतो आणि धारिता घटते. किती, तर पिकोफॅरडचा जेमतेम एक अंश. फॅरड हे धारितेचं माप, आणि एक पिकोफॅरड म्हणजे त्याचा एक लाख कोटीवा भाग. आजूबाजूच्या छेदांवर कुठे किती घट झाली त्यावरून चिप बोटाचा मध्य काढते. काकडीतही पाणी आणि क्षार आहेतच, टोपणात नाहीत.

लॅपटॉपवर हे तंत्र रुळलं ते 1994 नंतर, ॲपलने पॉवरबुक 500 मालिकेत ट्रॅकबॉल, म्हणजे बोटाने फिरवायचा गोळा, काढून पॅड बसवला तेव्हापासून. टचपॅडमुळे घराघरांत पोचलेली सिनॅप्टिक्स ही कंपनी 1986 साली निघाली होती ती मेंदूच्या धर्तीवर चालणाऱ्या चिप बनवायला. तिच्या दोन संस्थापकांपैकी फेदेरिको फॅजिन म्हणजे इंटेलच्या 4004 या मायक्रोप्रोसेसरमागचा माणूस. असो.

इतकं नाजूक मोजमाप म्हटल्यावर ते बिघडवायला फारसं काही लागत नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. ऐन कामाच्या गर्दीत माझा कर्सर अंगात आल्यासारखा उड्या मारायला लागला. पॅडचं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढला, परत टाकला, दोनदा रिस्टार्ट केलं, काही उपयोग नाही. शेवटी वैतागून लॅपटॉप उचलला आणि गॅलरीत जाऊन बसलो, तर कर्सर एकदम शहाणा! चार्जर आत राहिला होता.

चार्जर घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचे तुकडे करतो, सेकंदाला हजारो-लाखो वेळा, आणि त्यातला गोंगाट थोडासा लॅपटॉपच्या शरीरात झिरपतो. तीन पिनांचा चार्जर असेल आणि घरचं अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो. दोन पिनांचा असेल, किंवा तिसरी पिन नुसती शोभेला असेल, तर लॅपटॉपचं अख्खं शरीर अधांतरी झुलत राहतं. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटतं ते यामुळेच. तिथे टेस्टर लावला तर कधी कधी मिणमिणताही दिसतो. प्रवाह फार क्षीण असतो, पण पॅडची चिप पिकोफॅरड मोजत असते, तिला तेवढ्याने भोवळ येते. तेव्हा कर्सर नाचायला लागला की आधी चार्जर काढून बघा. थांबला, तर दुसऱ्या खोलीतलं तीन पिनांचं सॉकेट वापरून बघा. मुंग्यांऐवजी चक्क झटका बसत असेल तर मात्र तो चार्जर पुन्हा लावू नका आणि वायरमनला बोलवा.

घामाचा, पावसाळ्यातल्या ओलसर हातांचा त्रास याच जातीचा. पॅडवर पाण्याचा थेंब पडला की चिपला तिथे आणखी एक बोट ठेवल्यासारखं वाटतं. आणखी एक गंमत म्हणजे चिप सुरू होताना ‘रिकामा पॅड’ कसा दिसतो ते टिपून ठेवते. त्या क्षणी तळवा पॅडवर टेकलेला असेल तर हिशेब पहिल्यापासूनच चुकतो. म्हणून रिस्टार्ट करताना हात लांब ठेवा. पॅड पूर्णच मेला असेल तर वरच्या ओळीतल्या एखाद्या एफ-बटणावर टचपॅडचं चित्र आहे का बघा. चुकून ते दाबलं गेल्याने पॅड बंद पडलेले कितीतरी लॅपटॉप उगाचच दुकानात जातात.

आता बटणं. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपांत डावं-उजवं अशी वेगळी बटणं नसतातच. अख्खा पॅड वरच्या कडेला बिजागरीसारखा अडकवलेला असतो आणि खालच्या कडेपाशी एकच स्विच, आत धातूची छोटी वाटी. दाबलं की ती ‘टक्’ करून आत जाते. डावी क्लिक की उजवी, हे बोट कुठे आहे ते पाहून सॉफ्टवेअर ठरवतं. त्यामुळे डावी चालते आणि उजवी नाही, असं असेल तर स्विचवर संशय घेण्याआधी सेटिंग तपासावं. दोन्ही गेल्या, पण बोटाने टकटक केल्यावर काम होतंय, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या खाली.

‘खाली’ म्हणजे काय ते डोंबिवलीच्या मावशीच्या लॅपटॉपने दाखवलं. तिचा फोन आला, “अरे, क्लिकच होत नाहीये. दाबून दाबून अंगठा दुखायला लागला.”

“मावशी, लॅपटॉप बंद कर, मिटून टेबलावर ठेव. चारही पाय टेकतायत का?”

“नाही रे, डुगडुगतोय. आणि झाकणही नीट मिटत नाहीये.”

पुढचं विचारायची गरजच नव्हती. टचपॅडच्या खाली बहुधा बॅटरी असते, पातळ पाकिटात बंद केलेली लिथियम-आयनची. जुनी झाली, चार-चार वर्षं रात्रंदिवस चार्जिंगला लावून गरम राहिली, की आतला द्रव विघटित होऊन वायू बनतात आणि पाकीट पुरीसारखं टम्म फुगतं. वर जागा शोधताना ते टचपॅडलाच ढकलतं. मग स्विचला आत जायला वावच राहत नाही. अशा वेळी आणखी जोर लावणं सगळ्यात वाईट, कारण पाकीट फुटलं तर पेट घेऊ शकतं. चार्जिंग लगेच बंद करायचं, फुगवटा टोचायचा नाही, दाबायचा नाही, आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत तर अजिबात टाकायची नाही. ती ई-कचऱ्यात जाते.

मावशी नव्या टचपॅडचे पैसे पाकिटात घालूनच दुकानात गेली होती. कारागिराने मागचे स्क्रू काढले, फुगलेली बॅटरी अलगद उचलली आणि पॅड आपल्या जागी बसला. त्याने अंगठ्याने एकदा दाबून पाहिलं. टक्.