योकोमुळे बीटल्स फुटले? नाही हो

बँडमधल्या कुणाची गर्लफ्रेंड प्रॅक्टिसला येऊन बसली की लगेच कुणीतरी म्हणतंच, आली बघ योको! म्हणजे जॉन लेननची बायको योको ओनो, जिने म्हणे बीटल्स, म्हणजे जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो या चौघांचा इंग्लिश बँड, फोडला. पन्नासेक वर्षं हेच चाललंय, आणि त्यात ती बाई, वर जपानी, मग काय, सगळं खापर तिच्यावर.

आता जरा तारखा बघा. ऑगस्ट 1967 मध्ये त्यांचा मॅनेजर ब्रायन एपस्टाईन गेला आणि धंद्याचं बघणारं कुणी उरलंच नाही. 1968 ला रिंगो वैतागून काही दिवस निघून गेला, जानेवारी 1969 मध्ये जॉर्ज निघून गेला, त्याची गाणी बाजूला पडायची हे त्याचं जुनं दुखणं. मग नवा मॅनेजर कोण यावरून जुंपली, तिघांना ॲलन क्लाइन हवा आणि पॉलला आपले सासरे, खरी फाटाफूट इथे झाली.

योको स्टुडिओत सतत असायची हे खरंय, बाकीच्यांना ते खटकायचंही. पण 2021 ला बाहेर आलेल्या जुन्या फुटेजमध्ये ती बहुतेक वेळ पेपर वाचत नाहीतर विणत बसलेली दिसते, आणि त्यातच पॉल हसत म्हणतो की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, योको ॲम्प्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले! 2012 ला तर त्याने स्पष्टच सांगितलं, तिने बँड फोडला नाही.

आणि तो क्लाइन? 1973 ला त्या तिघांनीही त्याला सोडलं, वर कोर्टात खेचलं.